मदत हवी आहे : सेल्टिकचे चाहते स्कॉटलंडचे की आयर्लंडचे?

मंडळी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत कुणी राहतं का? तिथल्या सेल्टिक या फुटबॉल क्लबवर लेख लिहितेय आणि एका जागी अडलेय. १८८७ मध्ये मूळच्या आयरिश ब्रदर वॉलफ्रिड यांनी पूर्व ग्लासगोतल्या गरिबांसाठी पैसा उभा राहावा म्हणून हा क्लब काढला. मैदानावर आजही आयरिश तिरंगा फडकतो. १९५२ मध्ये तो उतरवायला सांगितलं, तरी क्लब हटला नाही. पण १९६७ चा युरोपियन कप जिंकणारे सगळे ग्लासगोच्या आसपास जन्मलेले! उलट सेल्टिकचा खेळाडू एडन मगीडी स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि आयर्लंडकडून खेळला. त्यासाठी स्कॉटिश मैदानांवर त्याची किती हुर्यो झाली, वाचून वाईट वाटलं.

मग स्कॉटलंड-आयर्लंड सामना असला की तिथली आयरिश वंशाची घरं कुणाच्या बाजूने असतात? आजोबा एकीकडे, नातवंडं दुसरीकडे? स्वतः पाहिलेलं कुणी सांगाल का?