मदत हवी आहे : वैमानिक प्रशिक्षण आधी की पदवी आधी?

नमस्कार. माझ्या मुलीचे शालेय शिक्षण पूर्ण झाले असून तिला प्रवासी विमानांची वैमानिक व्हायचे आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी पदवी लागत नाही आणि डेल्टासारख्या मोठ्या अमेरिकी कंपनीनेही २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली, त्यामुळे थेट प्रशिक्षणालाच जावे, असे तिचे म्हणणे आहे. ते मला बरेचसे पटते, कारण अनेक कंपन्यांत ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि कॅप्टनपद केव्हा मिळेल, कोणते विमान वाट्याला येईल, हे पुष्कळदा या ज्येष्ठतेवरच ठरते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्राचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. दृष्टी, हृदय किंवा कान यांत एखादा दोष निघाला, तर उत्तम वैमानिकालाही घरी बसावे लागते. २०२० मध्ये विमाने जमिनीवर उभी राहिली, तेव्हा तर धडधाकट वैमानिकांच्याही नोकऱ्या गेल्या. अशा वेळी हाताशी पदवी असावी, असे मनापासून वाटते; आणि ती विमानचालनातलीच असण्यापेक्षा अभियांत्रिकी किंवा वाणिज्य यांसारखी, दुसरीकडे चालणारी असावी.

या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे : जेमतेम २०० तासांच्या अनुभवावर पहिली नोकरी मिळवताना पदवीचा प्रत्यक्ष उपयोग झाला का? दूरस्थ पदवी निवडीच्या वेळी ग्राह्य धरतात का? आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, खर्च नोकरीची हमी नसताना स्वतः करावा का?