पोरांना आजीकडं ठेवून दोघांनीच मनालीला जायचं का?

शहापूरची सून:
जानेवारीत आठवडाभर मनालीला जायचं मनात आहे, दोघांनीच. पोरगी चौथीला, पोरगा पहिलीला. दोघंही घरीच सासूबाईंजवळ राहतील, म्हणजे शाळा बुडणार नाही. डिसेंबर आमचा बादच. इथं बेळगावात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की ह्यांच्या ऑफिसात रजेचं नावसुद्धा काढायचं नाही. घरी विषय काढला तर सासूबाई गप्प, आणि दुसऱ्या दिवशी नणंदबाईंचा फोन, "पोरं टाकून बर्फ बघायला निघालाय होय?"

लग्न झाल्यापासून आमचं फिरणं म्हणजे जोतिबा, नरसोबाची वाडी आणि पाहुण्यांची लग्नं. दोघांनी आठवडाभर फी, डबा आणि गॅस सोडून दुसरं काही बोलावं, यात पोरांवर कसला अन्याय? स्पष्ट बोला, राग नाही.

निपाणीकर:
मग स्पष्टच बोलतो, वहिनी. बर्फाचं अप्रूप कुणाला? पोरांना. तुम्ही तिकडून व्हिडिओ कॉलवर गोळे फेकून दाखवणार आणि पोरगं इथं चपाती-भाजीचा डबा घेऊन रिक्षात बसणार. मोठं झाल्यावर दर भांडणात ते उकरून काढेल, लिहून ठेवा. मे महिन्यात चौघं जावा. मनाली गावात नसला तरी वर रोहतांग खिंडीत बर्फ मिळतोय.

टिळकवाडी:
रोहतांगचं सांगताय तर पुरतं सांगा. रस्ता हिवाळाभर बंद असतो. बर्फ काढून पर्यटकांना सोडतात ते कधी मेच्या मध्याला, कधी त्याच्याही पुढं. वर गाडीला परमिट लागतं. आणि आपल्या शाळा मेअखेरीस उघडतात. कोल्हापूरच्या पोरांना जूनच्या मध्यापर्यंत मोकळीक, त्यांना जमतं. आपलं गणित दोन-चार दिवसांवर येऊन अडतं. दसऱ्याची सुट्टी मोठी, पण तेव्हा खाली बर्फ कुठला?

शिवाय उंची बघा. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास, मनाली दोन हजारांवर, रोहतांग ३,९७८. अडीच हजारांच्या वर विरळ हवेनं काहींचं डोकं दुखतं, मळमळतं. मोठा माणूस सांगतो तरी. पहिलीतलं पोर नुसतं किरकिरतं, आणि आपण त्याला चॉकलेट देत बसतो.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. मनालीजवळच्या सोलंगच्या वाटेवर भाड्यानं कोट आणि गमबूट मिळतात. बूट सकाळपासून चार जणांनी घातलेले असतात, आतून ओले. त्यात पोराचा पाय घातला की मोजा भिजला, आणि पाचव्या मिनिटाला "मम्मी, गाडीत चल". बर्फ बघायला गेलेली अर्धी कुटुंबं मी गाडीत काचा लावून मॅगी खाताना बघितलीत. दोघंच जा, निवांत जा.

निपाणीकर:
तिकडची पोरं राहत नाहीत काय बर्फात?

टिळकवाडी:
ती तिथंच जन्मली की हो.

चिक्कोडीचा पाहुणा:
थंडी पाहिजे तर पहाटे कणकुंबीला जावा, जांबोटीत मिसळ खाऊन दुपारी घरी. पोरं शाळेतून यायच्या आत परत.

खानापूरची आज्जी:
सगळे पोरांचं आणि बर्फाचंच बोलताय. त्या सासूबाई गप्प बसल्या, त्याचं काय? गप्प बसणं म्हणजे होकार धरू नका.

मी लेकीची पोरं सांभाळलीत. माया आहे, पण कामही आहे. सकाळी एकीच्या दोन वेण्या, दुसऱ्याला अंघोळीला ओढायचं, तोवर खाली रिक्षावाल्याचा हॉर्न. शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो तो कन्नडात नाहीतर इंग्रजीत. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. एकदा शाळेला सुट्टी होती आणि मी दोघांना तयार करून दारात उभी. रात्री अंगात ताप भरला तर औषध किती मिली द्यायचं, कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, गाडी कुणाची बोलवायची, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला नको? जायला माझी ना नाही. फक्त तिकिटं काढल्यावर सांगू नका, आधी विचारा. त्यांचेही काही बेत असतात.

मूळचा येळ्ळूरचा, आता पुण्यात:
आज्जींच्या मुद्द्याला जोडून. तुम्ही किती लांब असणार ते लक्षात घ्या. गोवा एक्सप्रेसनं बेळगावातून संध्याकाळी निघालात तर दिल्ली तिसऱ्या दिवशी सकाळी. पुढं मनालीला रात्रभराची बस. सांबऱ्याहून विमानानं गेलात तरी दिल्लीपुढचा रस्ता चुकत नाही. आणि जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की रेल्वे काय, विमान काय, सगळंच लटकतं.

मनालीत गेल्यावर सगळ्यांना अटल बोगदा बघायचा असतो. नऊ किलोमीटरचा, २०२० साली सुरू झाला. पलीकडं सिस्सूला बर्फ हमखास, म्हणून लोक जातात, आणि दुपारी हिमवर्षाव सुरू झाला की परतीच्या घसरड्या रस्त्यावर गाड्यांची रांग. २०२४ च्या नाताळात शेकडो गाड्या अशाच अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्री लोकांना बाहेर काढलं. ताजा बर्फ पडल्यावर पुढं फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या असलेल्या गाड्याच सोडतात. म्हणून जावा, पण सासूबाईंना परतीची तारीख सांगताना दोन दिवस पुढचीच सांगा. पोरं त्या तारखेला दारात बसतात.

निपाणीकर:
म्हणजे अडकायची शक्यता आहे हे मान्य, आणि आई-बाप दोघं एकाच गाडीत. मी एवढंच म्हणतोय.

टिळकवाडी:
कोल्हापूरला लग्नाला जातानाही दोघं एकाच गाडीत असतात, आणि हायवेवर रात्री ऊसाचे ट्रॅक्टर बिनलाइटचे. तिथं कुणी विचारत नाही.

शहापूरची सून:
काल रात्री सासूबाईंना नीट विचारलं. अडचण पोरांची नव्हतीच. माघ पौर्णिमेला त्यांची सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा ठरलीय, गल्लीतल्या बायकांनी मिळून गाडी सांगितलीय, आणि आमच्या तारखा नेमक्या त्यावरच येत होत्या. कुणाला बोलल्या नाहीत, मनातच ठेवलं. आता त्या यात्रा करून आल्या की आम्ही निघायचं. शाळेच्या मेसेजचं समोरच्या घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगितलंय, ती रोज वाचून दाखवेल. डॉक्टरचा कागद आज लिहिते.

फेब्रुवारीत सोलंगला बर्फ असतो ना?

टिळकवाडी:
बहुतेक असतोच. जायच्या आधी हॉटेलवाल्याला त्या दिवसाचा फोटो मागवा, जुना नको.

निपाणीकर:
असतो. पोरांना घेऊन जावा.