मदत हवी आहे : अर्धं आवडलेल्या चरित्रावर बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या वाचन-भिशीत या रविवारी कस्तुरबांच्या एका चरित्रावर मला बोलायचंय, आणि मी पार अडकलेय.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात त्यांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली, तो भाग वाचताना अंगावर काटा आला. पण पुढच्याच प्रकरणात बाई परत पतीची सावली! १९०६ मध्ये बापूंनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. बांना त्याचं काय वाटलं, यावर अर्धं पानही नाही. थोरल्या मुलाच्या, हरिलालच्या बाबतीत तर आईची तगमग सोडून सगळं आहे. भाषा मात्र इतकी गोड की पुस्तक खाली ठेववत नाही, हाच वैताग.

सासूबाई म्हणतात, "त्या काळी बायकांचं कोण लिहून ठेवत होतं बाप्पा?" तेही खरंच. तरी सेवाग्रामला बा-कुटीत उभं राहिल्यावर जे जाणवलं होतं, ते या पुस्तकात सापडलं नाही.

बांची बाजू नीट मांडणारं मराठी किंवा हिंदी पुस्तक कुणी सुचवेल का? सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालं तर उत्तमच. आणि भिशीत आधी कौतुक करू की तक्रार?