शट डाउन दिल्यावर स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि दिवा चालूच राहतो

पानोपान

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप हल्ली नीट बंद होत नाही. शट डाउन दिलं की ठिपके गोल फिरतात, स्क्रीन काळी होते, मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं. इथवर सगळं नेहमीसारखं. पण कॅबिनेटचा दिवा विझत नाही आणि आतला पंखा थांबत नाही. अर्धा तास तसंच ठेवलं तरी फरक पडत नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं.

मशीनवर विंडोज १० आहे, रॅम ८ जीबी. सिस्टिम एसएसडीवर आणि डेटा जुन्या हार्ड डिस्कवर. यूएसबीला कीबोर्ड, माऊस आणि प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं मशीन. बॅकअपची बाहेरची डिस्क मी काम झालं की काढून ठेवते. व्हायरस स्कॅन केला, काही निघालं नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिलं तर तिथे लाल खुणेची 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद वारंवार दिसते, बाजूला 'क्रिटिकल' लिहिलेलं. त्याने अजूनच धास्ती बसली. एक गोष्ट मात्र कळत नाही: रीस्टार्ट दिलं तर मशीन अगदी झटकन बंद होऊन परत चालू होतं.

सासऱ्यांनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी टाइप करते आहे. शाई फिकी पडत चालली आहे, म्हणून पान स्कॅन करायचं, मोठं करून वाचायचं आणि वर्डमध्ये उतरवायचं. फाईल आता चांगलीच मोठी झाली आहे. रोज बटण दाबून मशीन बंद करताना पोटात गोळा येतो. फाईलला धोका आहे का? आणि दोष शोधायला सुरुवात कुठून करायची? मेनूतून फिरणं मला जमतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) कधी गेले नाही, पण गरज असेल तर जाईन.

---

झटपट

ताई, सोपा उपाय. रजिस्ट्रीत 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट' नावाची किंमत असते, ती २००० करा. माझं मशीन तेव्हापासून लगेच बंद होतं. त्यानेही नाही झालं तर सरळ फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका. ४१ नंबरची एरर म्हणजे सिस्टिम खराब झालेली असते.

---

तळघर

पानोपान, आधी फाईलबद्दल, कारण खरी काळजी तीच आहे. स्क्रीन काळी होऊन 'नो सिग्नल' येतं तोवर वर्ड बंद झालेलं असतं आणि तुम्ही लॉग ऑफही झालेल्या असता. तोवर सेव्ह केलेला मजकूर सहसा डिस्कवर पोहोचलेला असतो. त्यामुळे त्या टप्प्यावर बटण दाबलं म्हणून आजवरचं काम पुसलं जाईल, ही शक्यता कमी. पण हे रोजचं होऊ देऊ नका. एनटीएफएसचं (विंडोजच्या डिस्कवर फाईली ठेवण्याच्या पद्धतीचं) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाईलींची मांडणी सावरून घेतं, फाईलच्या आतला मजकूर शाबूत राहील याची हमी ते देत नाही. शिवाय तुमचा डेटा फिरत्या डिस्कवर आहे. चालू डिस्कची वीज एकाएकी तोडली की हेडला घाईने आपली जागा गाठावी लागते, आणि जुन्या डिस्कला हा ताण नको. दोष सापडेपर्यंत काम संपलं की वर्ड आपल्या हाताने बंद करा, फाईलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क काढा आणि मगच शट डाउन द्या.

झटपट, तुमचा सल्ला इथे लागू होत नाही. विंडोज ८ पासून सर्व्हिसना (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामना) आवरायला मुळातच ५ सेकंद दिलेले असतात, रजिस्ट्रीत ते ५००० मिलिसेकंद असे दिसतात. ते २००० केले की एखादी सर्व्हिस डिस्कवर काही लिहीत असताना मध्येच मारली जाते. मशीन लवकर बंद होतं खरं, पण कुणाच्या जिवावर, ते बघायला हवं. आणि पानोपान यांचं मशीन तो टप्पा ओलांडून पुढे अडकतंय. ४१ चा अर्थही तसा नाही. 'मागच्या वेळी मी रीतसर बंद झालो नव्हतो' एवढंच ती नोंद सांगते. बटण दाबून बंद केलं की ती येणारच. ती परिणामाची नोंद आहे, कारणाची नाही. तेवढ्यावरून फॉरमॅट मारू नये.

आता शट डाउन दिल्यावर काय काय होतं ते बघा, म्हणजे शोधायचं कुठे ते कळेल. आधी विंडोज चालू प्रोग्रामना आवरायला सांगते. एखादा अडून बसला तर त्याचं नाव पडद्यावर येतं आणि 'शट डाउन एनीवे' असं विचारलं जातं. मग तुमचं लॉग ऑफ होतं. मग सर्व्हिस थांबतात. त्यानंतर ड्रायव्हरांची (विंडोज आणि उपकरण यांच्यातल्या दुभाषी सॉफ्टवेअरची) पाळी: प्रत्येक उपकरणाला वीज सोडण्याचा हुकूम जातो आणि प्रत्येकाकडून 'झालं' असं उत्तर यावं लागतं. अगदी शेवटी मदरबोर्ड पॉवर सप्लायला वीज तोडायला सांगतो. तुमच्याकडे स्क्रीन गेली, पंखा राहिला. म्हणजे गाडी ड्रायव्हरांच्या किंवा मदरबोर्डच्या टप्प्यावर अडली आहे. या जागी ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही तर काही मशीनवर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' अशी निळी स्क्रीन येते, काही मशीन नुसती थिजतात.

रीस्टार्ट झटकन होतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. सगळ्यात मोठा धागा तोच आहे. विंडोज ८ आली २०१२ मध्ये, तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. ते चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. तुम्हाला लॉग ऑफ केलं जातं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत 'हायबरफिल डॉट सिस' या फाईलमध्ये उतरवून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी ते तिथून उचलले जातात, म्हणून मशीन लवकर सुरू होतं. चालू स्थिती डिस्कवर उतरवून वीज बंद करणं म्हणजे हायबरनेट; थोडक्यात हे अर्धं हायबरनेट आहे. रीस्टार्टमध्ये हा प्रकार नसतो, तिथे सगळं खरोखर खाली उतरवून नव्याने उभं केलं जातं. तुमचं मशीन खरं बंद व्हायला तयार आहे, अर्धं हायबरनेट व्हायला नाही, असं मला दिसतंय.

हे पारखून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

पहिलं, शिफ्टची कळ दाबून धरा आणि तशीच धरून मेनूतल्या शट डाउनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं फास्ट स्टार्टअप बाजूला राहतं आणि पूर्ण शट डाउन होतं. पंखा थांबतो का बघा.

दुसरं, कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' आहे, त्यावर क्लिक केलं की खालचे चौकोन खुले होतात. तिथे हायबरनेटवर खूण करा आणि सेव्ह करा. आता पॉवरच्या मेनूत हायबरनेट दिसेल. ते देऊन बघा. तेही अडकलं तर माझा अंदाज पक्का.

तिसरं, कीबोर्ड आणि माऊस सोडून यूएसबीचं सगळं काढा आणि नेहमीसारखं शट डाउन द्या.

मशीन अडकलेलं असताना कॅप्स लॉकही दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर गाभा अजून जागा आहे, कुणाची तरी वाट बघतोय. काहीच हललं नाही तर तो पूर्ण थिजला आहे किंवा कीबोर्डची वीज आधीच गेली आहे, त्यामुळे त्यावरून फार निष्कर्ष काढू नका.

शिफ्ट धरूनही अडकलं तर मात्र वाट वेगळी. मग बायोसचं (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट, चिपसेटचे ड्रायव्हर (त्यातही मॅनेजमेंट इंजिनचा) आणि शेवटी पॉवर सप्लाय, या क्रमाने बघावं लागेल. आत्ता तिकडे जाऊ नका.

---

कोरापाट

थोडं वेगळं, पण हा धागा शोधत येणाऱ्यांच्या कामाचं. स्क्रीनवर 'शटिंग डाउन' ही अक्षरं तशीच राहत असतील आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर मशीन अडकलेलं नसून काम करत असण्याची शक्यता आहे. बंद होताना पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरते ती डिस्कवरची फाईल) पुसायची अशी एक सुरक्षेची सेटिंग असते. ती चालू असली की अख्खी पेजफाईल शून्यांनी भरली जाते आणि फिरत्या डिस्कवर त्याला मिनिटं लागतात. घरच्या मशीनवर ती मुळात बंद असते. माझं मशीन आधी ऑफिसात वापरलेलं होतं, त्यात कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. दिवा लुकलुकत असताना बटण दाबू नका.

---

पानोपान

तळघर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच केलं.

शिफ्ट धरून शट डाउन दिलं: पंखा थांबला, दिवा विझला. परत करून पाहिलं, तसंच. हायबरनेट दिलं: स्क्रीन काळी, पंखा चालू, अगदी तोच प्रकार. कॅप्स लॉकचा दिवा हलला नाही. मग स्कॅनरची केबल काढली आणि साधं शट डाउन दिलं, शिफ्ट न धरता. मशीन व्यवस्थित बंद झालं! केबल परत लावली की पुन्हा अडकतं. म्हणजे स्कॅनरच ना? पण तो कामाला अगदी उत्तम आहे, पानं स्वच्छ येतात. तो टाकून द्यायची वेळ येऊ नये असं फार वाटतं.

---

तळघर

टाकायचं कारण नाही. यंत्र चांगलं आहे, बहुधा त्याचा ड्रायव्हर जुना आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनर शोधा (बहुतेक 'इमेजिंग डिव्हायसेस'खाली असेल), प्रॉपर्टीजमधला ड्रायव्हरचा टॅब उघडा आणि तारीख सांगा. या मशीनवर आधी विंडोज ७ होती का? जुन्या विंडोजवरून थेट अपग्रेड केलं की जुने ड्रायव्हरही बऱ्याचदा सोबत येतात. स्कॅन करायला ते चालतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. फास्ट स्टार्टअप विंडोज ७ मध्ये नव्हतंच, त्यामुळे त्या काळात लिहिलेल्या ड्रायव्हरला हा प्रसंग रोज येत नसे.

---

पानोपान

तारीख २०१० ची आहे. आणि हो, आधी विंडोज ७ होती, वरूनच विंडोज १० केली.

---

तळघर

मग सापडलं. नुसता नवा ड्रायव्हर वरून टाकू नका, आधी जुना मुळापासून काढा.

केबल काढून ठेवा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून स्कॅनरचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये आधी त्या प्रिंटरचं नाव काढून टाका. त्याच पानावर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' आहे, त्यात ड्रायव्हर्सचा टॅब. तिथे जुनं नाव उरलेलं असेल तर 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' निवडा. पॅकेज हा शब्द महत्त्वाचा, कारण नुसता ड्रायव्हर काढला तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच परत लावते. 'वापरात आहे' असं सांगून नकार दिला तर मशीन रीस्टार्ट करून लगेच पुन्हा करा. शेवटी डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. स्कॅनर तिथे फिकट अक्षरांत दिसेल. तो अनइन्स्टॉल करताना 'डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर फॉर धिस डिव्हाइस' या चौकोनावर खूण करा.

रीस्टार्ट द्या. मग निर्मात्याच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा विंडोज १० साठीचा ड्रायव्हर उतरवून इन्स्टॉल करा आणि तो सांगेल तेव्हाच केबल लावा. सगळा संच देत असतील तर त्यातला फक्त ड्रायव्हर घ्या. स्कॅनरच्या बटणावर नजर ठेवणारे छोटे प्रोग्राम सोबत येतात, त्यांची तुम्हाला गरज नाही.

---

पेंग्विनवाला

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं येऊन उलटा-सुलटा सरकणारा लाल पट्टा दिसतो, समोर अडलेल्या सर्व्हिसचं नावही असतं. सिस्टिमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) मुळातली मुदत ९० सेकंद. दीड मिनिट थांबलात तर ते बहुधा स्वतःच सोडून देऊन पुढे जातं. आणि ज्यांच्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर आहेत त्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं. अर्ध्या हायबरनेट अवस्थेतल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहायला जाणं डेटाला खरंच घातक आहे. लिनक्स अनेकदा ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडतं, ते त्यासाठीच.

---

पानोपान

झालं! पहिल्या खेपेला 'वापरात आहे' असा नकार आलाच. रीस्टार्ट केल्यावर जुना ड्रायव्हर निघाला. फिकट अक्षरांत एकाच स्कॅनरच्या तीन नोंदी होत्या, तिन्ही काढल्या. नव्या ड्रायव्हरची तारीख २०१६ ची आहे. आता केबल लावलेली असतानाही शट डाउन नीट होतं आणि हायबरनेटही. ४१ ची नवी नोंद आलेली नाही. नव्या ड्रायव्हरमध्ये ६०० डीपीआयवर राखाडी रंगात स्कॅन करता येतं, फिकी शाई पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसते. हे अनपेक्षितच मिळालं.

एकच शेवटचं विचारते: फास्ट स्टार्टअप आता चालू ठेवू की बंद?

---

तळघर

फार आनंद झाला. बंद करा. तुमची सिस्टिम एसएसडीवर आहे, त्यामुळे सुरू व्हायला फार तर काही सेकंद जास्त लागतील. बदल्यात रोज ड्रायव्हर नव्याने उभे राहतील, जुनी स्थिती पुढे ओढली जाणार नाही. हायबरनेटवर खूण केलीत त्याच पॉवर ऑप्शन्सच्या पानावर 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढायची. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ती परत आली आहे का, आणि स्कॅनरच्या ड्रायव्हरची तारीख २०१६ चीच आहे का, तेवढं बघून घ्या.

फाईलची बाहेरच्या डिस्कवरची प्रत मात्र चालू ठेवा. आणि फिकी पानं ६०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करणार असाल तर मूळ प्रतिमा टिफमध्ये ठेवा. जेपेग दर सेव्हला थोडं थोडं खातं.