दादाचा प्रश्न: दहशतवादाशी लढायचं ते युद्ध म्हणून की गुन्हा म्हणून?

ग्वाल्हेरकरीण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण आमच्या घरी तो रोज जेवणाच्या वेळी निघतो, म्हणून इथे विचारते. दहशतवादाचा बंदोबस्त फौजेनं करायचा की पोलीस आणि कोर्टानं?

आधी घरचं सांगते. माझा मोठा भाऊ तीस वर्षं मुंबईत नोकरीला होता. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातल्या माहीमच्या गाडीत तो होता. स्फोट फर्स्ट क्लासच्या डब्यात झाला, हा शेजारच्या डब्यात होता म्हणून वाचला. उजवा कान कायमचा गेला. आता निवृत्त होऊन तो आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या जनकगंजला राहतो. जेवताना उजवी बाजू भिंतीकडे करून बसतो, म्हणजे बोलणारे सगळे डावीकडे येतात. माझ्या नातवालासुद्धा हे न सांगता कळलंय. गोष्ट ऐकायची असली की तो आजोबांच्या डाव्या मांडीवरच चढतो.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. विशेष कोर्टानं २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. दादाच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. दादा डाव्या कानाला फोन लावून नुसता ‘हं, हं’ करत राहिला. मग फोन खाली ठेवून मला म्हणाला, “मग केलं कुणी?” तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यात देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. दादाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसरी बाजू अशी की २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटवर गेलेली मिराज विमानं आपल्याच ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावरून उडाली होती. आमच्या गल्लीत सकाळी पेढे वाटले. दादा सुट्टीवर आलेला होता. पेढा हातात घेऊन म्हणाला, “पुलवामाचं उत्तर बारा दिवसांत मिळालं. माझं तेरा वर्षं झाली तरी चालूच आहे.” आता तर एकोणीस वर्षं झाली, आणि हाती हे आलं.

तर मग कोर्टाचा रस्ता चुकीचाच आहे का? मला खरंच उत्तर हवंय. कृपा करून पक्षांची भांडणं आणू नका.

मुरारकर

ताई, तुमच्या दादांनी पेढा खाताना जे म्हटलं तेच उत्तर. मसूद अझहरला आपण १९९४ मध्ये काश्मिरात पकडलं. रीतसर तुरुंगात ठेवलं. डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं आणि तो धरून तिघांना सोडावं लागलं. २००० मध्ये त्यानं ‘जैश-ए-मोहम्मद’ ही दहशतवादी संघटना उभी केली. २०१९ मध्ये पुलवामाला आपले ४० जवान गेले, त्याची जबाबदारी त्याच जैशनं घेतली. जिवंत पकडून कोठडीत ठेवलेला अतिरेकी म्हणजे पुढच्या ओलिसांची किंमत. जो देशाविरुद्ध हत्यार उचलतो तो शत्रू. शत्रूला वकील देत नाहीत. माझा मामेभाऊ राजौरीत होता, म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

निवृत्त पेशकार

ताई, तुमच्या दादांचा प्रश्न मी याच शब्दांत एकदा ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी ३८ वर्षं कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे फाईल ठेवणारा कारकून, म्हणून काढली. त्यातली बरीच डकैतीच्या, म्हणजे दरोड्यांच्या, विशेष न्यायालयात. आपल्याकडे मध्य प्रदेशात डकैती आणि अपहरणासाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे, हे बाहेरच्या मराठी माणसांना माहीत नसेल. एक ‘पकड’ची केस होती. चंबळमध्ये खंडणीसाठी उचलून नेलेल्या माणसालाच पकड म्हणतात. एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा उचलला होता. तीन महिन्यांनी पैसे देऊन सुटला. चार आरोपी उभे केले. मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवतात त्या खोलीतून, बाराबोर बंदुकीचं पुडकं आलं, कापडात शिवलेलं, वर लाखेची मोहोर. ते मी माझ्या हातानं टेबलावर ठेवलं. बचावाच्या वकिलानं मोहोरेचा नमुना मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. नमुन्यावर ठाण्याचं पूर्ण नाव होतं, पुडक्यावरच्या लाखेत नुसता अंगठा दाबल्यासारखा गोळा. मग पंच साक्षीला आला. त्यानं सरळ सांगितलं की मी जंगलात गेलोच नाही, ठाण्यात बोलावून कोऱ्या कागदावर सही घेतली. चौघे सुटले. ठाण्याचं नाव घेत नाही, ती माणसं आता हयातही नसतील. पण तो व्यापारी कोर्टाच्या ओसरीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाबूजी, तो मेरे लड़के को ले कौन गया था?” मला उत्तर देता आलं नाही. आजही आठवलं की जेवण गोड लागत नाही.

त्या दिवशी कोर्ट हरलं नाही. कोर्टानं दाखवून दिलं की तपास करणारे हरले होते.

मुंबईच्या निकालातही तेच झालंय. कबुलीजबाब एकमेकांशी इतके जुळत होते की उतरवून घेतल्यासारखे वाटावेत, आणि ते मारहाण करून घेतल्याच्या खुणा होत्या. ओळखणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. स्फोटात नेमका कसला बॉम्ब होता, तेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. खटला मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली होता. त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यातही चालायचा. माझा अनुभव असा की कबुलीवर काम भागतंय हे कळलं, की तपास अधिकाऱ्याचे पाय हलेनासे होतात.

याच्या उलट २६/११ बघा. तुकाराम ओंबळे सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आलेले. गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी, आणि त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. अंगात गोळ्या घेतल्या पण सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. जिवंत सापडला म्हणून तो कुठल्या गावचा, कुणी शिकवलं, कुठून होडीत बसला, हे सगळं बाहेर आलं. तो आमचा नाहीच म्हणणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचं मान्य करावं लागलं. मेलेल्या नऊ जणांनी हे सांगितलं नसतं.

आणि त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी सुटले, हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे. त्यांनी काढून दिलेला नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. पँट रक्तानं भिजलेली, आणि नकाशाला डाग नाही. न्यायाधीशांनी तो पुरावा बाजूला ठेवला. अख्खा देश फाशी मागत असताना एक माणूस शांतपणे कागदावरचा डाग शोधतो, याला मी कोर्ट म्हणतो. त्या दोघांना सोडलं म्हणूनच कसाबची फाशी उच्च न्यायालयात टिकली, सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलात आली. चार वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मुरारकर, कंदाहारबद्दल. मसूद अझहरला तुरुंगातून पळता आलं नव्हतं. ते विमान अमृतसरला पाऊण तास उभं होतं आणि आपण त्याला उडू दिलं. आपण हरलो ते तिथे. मला त्याची तुमच्याइतकीच चीड आहे.

बालाकोट करायला हवं होतं असंच माझंही मत आहे. शेजारचा देश अड्डे चालवू देत असेल तर त्याला फौजदारी समन्स पाठवून काय होणार? पण माहीमच्या गाडीत पिशवी कुणी ठेवली, हे मिराजला वरून दिसत नाही.

ताई, एक विचारतो. दादांचा जबाब कुणी घेतला होता का?

कायद्याची_विद्यार्थिनी

काका, पुडक्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मी जिवाजी विद्यापीठात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक उदाहरण देते, कारण त्यात दोन्ही रस्ते एकाच घरात दिसतात.

रमझी युसुफनं १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली बॉम्ब फोडला. १९९५ मध्ये इस्लामाबादला पकडला गेला, साध्या फौजदारी कोर्टात उभा राहिला आणि १९९८ मध्ये त्याला २४० वर्षांची शिक्षा झाली. विषय संपला. त्याचा मामा खालिद शेख मोहम्मद, ९/११ चा सूत्रधार. तो मार्च २००३ मध्ये रावळपिंडीला सापडला. पण तोवर अमेरिकेनं ‘युद्ध’ पुकारलेलं होतं. त्याला गुप्त कोठड्यांत ठेवलं, त्या एका महिन्यात १८३ वेळा तोंडावर पाणी ओतून बुडवल्यासारखं केलं, मग ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात नेऊन लष्करी आयोगापुढे बसवलं. वीस वर्षं उलटून गेली, त्याचा खटला अजून पुरा झालेला नाही. छळामुळे पुरावाच नासला. भाचा पंचवीसहून जास्त वर्षं शिक्षा भोगतोय, आणि मामाच्या हातून मेलेल्यांचे नातेवाईक अजून तारखांना जातात.

मुरारकर दादा, ‘शत्रू’ म्हणण्याबद्दलही थोडं. युद्ध म्हटलं की समोरचा सैनिक होतो, आणि पकडलेल्या सैनिकाला युद्धकैद्याचे हक्क असतात. दहशतवाद्यांना तेच हवं असतं. १९७६ पासून ब्रिटननं आयरिश बंडखोर कैद्यांचा खास दर्जा काढून त्यांना साधे गुन्हेगार ठरवलं. तो दर्जा परत मिळावा म्हणून १९८१ मध्ये दहा जण तुरुंगात उपाशी मेले, इतकं त्यांना ‘गुन्हेगार’ हे नाव झोंबलं. आपल्या चंबळमध्येही डाकू स्वतःला डाकू कुठे म्हणवून घ्यायचे? ते ‘बागी’. आजी सांगते की फूलनदेवी १९८३ मध्ये भिंडला शरण आली तेव्हा लोक तिला पाहायला लोटले होते. कोर्टाच्या कागदावर मात्र खून हा खून आणि डकैती ही डकैती राहिली. ज्यानं लोकलमध्ये बॉम्ब ठेवला त्याला सैनिकाचा मान मी तरी देणार नाही.

तळावरचा_तंत्रज्ञ (नि.)

मी हवाई दलात एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर, काम केलं, बरीच वर्षं महाराजपुऱ्यात. फार बोलत नाही. बॉम्बला पत्ता लागतो. पत्ता काढणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांना कुणी पेढे वाटत नाही.

पहलगामचंच घ्या. २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं. पण प्रत्यक्ष गोळ्या झाडणारे तिघे २८ जुलैला श्रीनगरजवळच्या डोंगरात फौजेनं मारले. ते तेच तिघे, हे कसं कळलं? पहलगामला उचलून ठेवलेली काडतुसं चंडीगडच्या प्रयोगशाळेत त्यांच्या रायफलींशी जुळवली. आसरा देणारे आधीच पकडलेले होते, त्यांना प्रेतं दाखवली. त्या दिवशी त्या कुरणात गुडघ्यावर बसून कुणीतरी एकेक पुंगळी वेचून पिशवीत घातली असणार, चिठ्ठी लावली असणार. ती हरवली असती तर फौजेनं तिघांना मारलं एवढंच म्हणता आलं असतं.

मुरारकर

काडतुसांचं पटलं. काकांचं अमृतसरही पटलं. पण काका, कसाबला चार वर्षं हा अपवाद आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या शिक्षा २००७ पर्यंत सुनावत होते. २५७ माणसांच्या घरच्यांनी चौदा वर्षं वाट पाहिली. इतका उशीर होतो म्हणून माझ्यासारखा माणूस विमानाकडे बघतो. ते आधी दुरुस्त करा, मग मला कोर्ट शिकवा.

निवृत्त पेशकार

मुरारकर, यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. मी स्वतः एकेका फाईलवर ऐंशी-नव्वद तारखा लिहिल्या आहेत. साक्षीदार आला तर वकील नाही, वकील आला तर कैद्याला आणायला गाडी नाही. याला न्यायाची काळजी म्हणत नाहीत, ही हेळसांड आहे. दहशतवादाच्या खटल्यात रोज सुनावणी व्हायला हवी आणि प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्यात यायला हवा. यावर पैसा खर्च करा म्हणून ओरडायला मी तुमच्याबरोबर बाड्याच्या चौकात उभा राहीन.

ग्वाल्हेरकरीण

सगळ्यांचे आभार. काल रात्री दादाच्या डाव्या बाजूला बसून सगळी उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. मुरारकरांचं पहिलं उत्तर ऐकताना मान हलवत होता. रक्त नसलेल्या नकाशापाशी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. रुग्णालयात एक शिपाई खाटेपाशी येऊन नाव-पत्ता लिहून गेला, तेवढंच. त्या संध्याकाळी गाडीत काय दिसलं, शेजारच्या डब्यात कोण चढलं-उतरलं, हे दादाला एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

आज सकाळी त्यानं नातवाची एक कोरी वही मागून घेतली. आता कुणाच्या उपयोगाची नाही हे त्यालाही माहीत आहे. चर्चगेटपासून सुरुवात केलीय. दुपारी चहा द्यायला गेले तेव्हा मुंबई सेंट्रलपर्यंत लिहून झालं होतं.