शब्द हवाय: शिरा दिसणारी त्वचा

दुभाषी: एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'ट्रान्स्लुसंट स्किन'पाशी अडलेय. म्हणजे खालच्या शिरा दिसाव्यात इतकी पातळ. 'पारदर्शक' लिहिलं तर तपासणाऱ्या डॉक्टरांचा शेरा, "मग आतडीही दिसतील!" 'नितळ' केलं तर म्हणे ही साबणाची जाहिरात नाही.

खडूफळा: अर्धपारदर्शक. शाळेत शिकलोय की सगळे.

कानामात्रा: अर्धपारदर्शक तेलकट कागद असतो, माणूस नव्हे. नितळ उत्तम. नि + तळ, तळ दिसतो ते नितळ!

खडूफळा: ही व्युत्पत्ती घरगुती दिसतेय. गाळ बसला की पाणी नितळतं. नितळ कांती म्हणजे डाग नसलेली, आरपार दिसणारी नव्हे.

नातू: आमची आजी सरळ 'पोरगी पांढरीफटक पडलीय' म्हणायची.

पांढरी टोपी: थांबा, दोन गोष्टींची खिचडी होतेय. पांढरंफटक पडणं म्हणजे हिमोग्लोबिन कमी, नाहीतर भीतीनं किंवा घेरी येताना कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या. सावळ्या माणसात हे चेहऱ्यावर कळत नाही, म्हणून खालची पापणी ओढून आत बघतो. ताईंचं प्रकरण वेगळं. म्हातारपणी किंवा स्टिरॉइडचं मलम वर्षानुवर्षं चोळल्यानं कातडी विरते. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तशीच असते. एलर्स-डॅनलॉस या जन्मजात आजाराच्या एका प्रकारात तर कोलॅजेनच, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिनच सदोष. मुळात मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य कमी असेल तर शिरा आणखी उठून दिसतात. वॉर्डात आम्ही 'कातडी कागदासारखी झालीय' म्हणतो.

कानामात्रा: कागदी त्वचा! कागदी लिंबू पातळ सालीचंच ना?

शुद्धमती: कागद फारसी. संस्कृत 'पांडुर' असताना उसनवारी कशाला?

खडूफळा: कारण पांडुर म्हणजे पिवळट पांढरा. व्यासांना पाहून अंबालिका फिकी पडली, म्हणून मुलगा पंडू. पांडुरोगही तिथलाच. शिरांचा संबंध काय?

नातू: मग पांडुरंग काळा कसा?

खडूफळा: त्यावर वेगळा धागा काढा. हा बुडेल.

शुद्धमती: 'निळसर शिरांची त्वचा' म्हणा मग.

पांढरी टोपी: शिरेतलं रक्त गडद लाल असतं हो, निळं नव्हे. लाल प्रकाश खोल जाऊन तिथे शोषला जातो, निळा वरूनच परततो, म्हणून शीर निळी भासते.

शुद्धमती: भासते ना? मग 'निळसर' बरोबरच आहे.

दुभाषी: 'शिरा दिसण्याइतकी पातळ त्वचा' लिहून पाठवलं. परत आलं. तक्त्याच्या रकान्यात मावत नाही.

खडूफळा: रकाना रुंद करा.

नातू: पण पांढऱ्याफटकातलं 'फटक' कुठून आलं?

कानामात्रा: स्फटिकातून असणार! म्हणजे आजीचा शब्द आरपारच निघाला.

शुद्धमती: पुरावा?