मुलीला बास्केटबॉलच खेळायचा आहे. पुढे पोटापाण्याचे काय?

मांजराकाठ (उदगीर) :
नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीत असून तिची उंची पाच फूट दहा इंच आहे. गेली दोन वर्षे ती शालेय स्पर्धांत विभागाच्या संघातून खेळते. दहावीनंतर तिला लातूरला ठेवायचे आणि नीटची शिकवणी लावायची, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलेच होते. परंतु दिवाळीत तिने, आपल्याला डॉक्टर व्हायचे नाही, बास्केटबॉल खेळायचा आहे, असे सर्वांसमोर सांगितले, तेव्हापासून तिच्या आजीने अबोला धरला आहे. माझा विरोध नाही, मात्र या वाटेची मला काहीच माहिती नाही. क्रिकेटपटूंच्या कमाईचे आकडे वर्तमानपत्रात येतात. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचा पंचविसाव्या वर्षी महिना कसा भागतो, हे जाणकारांनी सांगावे.

तिसरी घंटा (मूळ परभणी) :
भाऊ, मी क्रीडा कोट्यातून रेल्वेत लागले आणि नऊ वर्षे खेळले, म्हणून अनुभवाचे सांगते. महिला खेळाडूंना वर्षभर पगार देईल अशी स्थिर लीग आपल्या देशात नाही. येथे खेळाडूला पगार मिळतो तो नोकरीचा. खेळ ही त्या नोकरीतील तिची कामगिरी असते. रेल्वेचा महिला संघ वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे वरचढ राहिला, त्याचे कारण हेच की देशातल्या चांगल्या मुली नोकरीसाठी तेथे जमतात. केरळच्या राज्य विद्युत मंडळाचाही असाच तगडा संघ आहे. रेल्वेच्या क्रीडा भरतीला वय १८ ते २५ लागते आणि राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरीची प्रमाणपत्रे पाहिली जातात. म्हणजे तुमच्या मुलीजवळ महाराष्ट्राच्या संघात पोहोचण्यासाठी साधारण पाच-सहा वर्षे आहेत. एकदा नोकरी लागली की खेळ सुटल्यावरही ती टिकते. माझी टिकली आहे. तेविसाव्या वर्षी उडी मारून उतरताना माझ्या गुडघ्यातील लिगामेंट तुटले आणि त्यानंतर दहा महिने मी मैदानाबाहेर होते. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक प्रमाणात होते. उडीवरून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला तिला आत्तापासून शिकवा. मला ते कोणी शिकवले नव्हते.

फ्री थ्रो (छत्रपती संभाजीनगर) :
ताईंचे म्हणणे पटते, तरी परदेशातही चित्र वाटते तितके वेगळे नाही, हे सांगावेसे वाटते. अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक लीग, म्हणजे डब्ल्यूएनबीए, १९९७ पासून सुरू आहे. २०२४ मध्ये तिच्यात बाराच संघ होते आणि एका संघात फार तर बारा खेळाडू, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये जेमतेम १४४ जागा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधील संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत, पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा लीगमधील पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ७६ हजार डॉलर होता. तिची मोठी कमाई जाहिरातींतून झाली. म्हणूनच अनेक खेळाडू हिवाळ्यात तुर्कस्तान, चीन, रशिया येथील क्लबांसाठी खेळत आल्या. डायना टोरासी ही त्या लीगमधील सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू. परंतु २०१५ मध्ये तिच्या रशियन क्लबने तिला अमेरिकेतील पगाराहून अधिक पैसे दिले, ते तेथे न खेळता विश्रांती घेण्यासाठी! आपल्याकडून केरळची गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेत असतानाच ऑस्ट्रेलियातील क्लबसाठी खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचण्यांना गेली. तिची निवड झाली नाही, हेही मुलीला सांगावे. मात्र पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे त्याच्या आधी सांगावे.

गोदातीर (नांदेड) :
मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. वरील दोघांनी शिखर दाखवले, मी पायथ्याचे बोलतो. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात आणि आपल्या भागातील मुली बहुधा राज्य पातळीवर पुणे, मुंबई, नागपूरच्या मुलींसमोर अडखळतात. त्यांच्यात गुण कमी नसतात. वर्षाकाठी त्यांना मोठे सामनेच फार थोडे मिळतात, ही खरी अडचण आहे. म्हणून अकरावीला गाव निवडताना आधी तेथील रोजचा सराव पाहावा आणि महाविद्यालयाचे नाव नंतर पाहावे. प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, परंतु विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याखेरीज त्याचा लाभ मिळत नाही, आणि जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहतो. आणखी एक, वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट : मुलींचा चेंडू सहा क्रमांकाचा असतो, परिघाने सुमारे ७२ ते ७४ सेंटिमीटर. पुष्कळ शाळांत एकच सात क्रमांकाचा चेंडू असतो आणि मुली त्यावरच वाढतात. मग स्पर्धेत हलका चेंडू हाती आला की नेम चुकतो.

मांजराकाठ (उदगीर) :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोकरी टिकते, हा ताईंचा मुद्दा मी आजीला वाचून दाखवला, त्यावर त्यांनी फक्त "रेल्वेत?" एवढे विचारले, चार आठवड्यांतील हा त्यांचा पहिलाच शब्द होता. सरांचा निरोप वाचून मुलीने शिंप्याची टेप घेऊन शाळेतला चेंडू मोजला. तो ७६ सेंटिमीटर भरला. उद्या लातूरला जाऊन सहा क्रमांकाचा चेंडू आणतो आणि सायंकाळचा सराव पाहूनच परततो.